बिनवासाची गाडी

६ जुलै
शोरूमला पुन्हा फोन. जालन्याची ती बाई आता नुसत्या आवाजावर ओळखते. "काका, कंपनीनंच गाडी बाजारात सोडली न्हाई, मी कुठून देऊ?" नंबर लावला तेव्हा म्हणाले अक्षय्य तृतीयेनंतर लगेच. मग पेरण्या झाल्यावर. आता म्हणतात पोळ्याच्या आसपास. पोळा कोणत्या सालचा, ते विचारायचं राहिलं.
रात्री खिचडी. काल पण खिचडीच.

११ जुलै
सौ.चा पुण्याहून फोन. नातीला, ओवीला, दात येताहेत म्हणून चिडचिड. जाताना म्हणाली होती, बाळ बसायला लागलं की परत येते. बाळ आता घरभर रांगतं. नितीन नोकरीला, सूनबाई नोकरीला, पोरीला बघायचं कुणी? मला समजतं. समजतं म्हणून करमतं असं नाही.
फोन ठेवताना, "आली का ओ गाडी?" हे न चुकता विचारते. बरं वाटतं.

१९ जुलै
कुंभार पिंपळगावचा बाजार. चहाला बागवाला रमेश म्हणाला, "बिनडिझेलची पिकअप? चढाला उतरून ढकलत बसशील." सगळे हसले, मी पण. आता याला काय सांगायचं मी ती का घेतोय.
लग्नाआधीपासून मी गावातल्या बागांची मोसंबी पिकअपनं जालन्याला नेतो. सौ. त्या पिकअपमध्ये एकदाच बसली, पुन्हा नाही. डिझेलचा वास आला की तिला गाडी लागते, अंबड यायच्या आत ओकाऱ्या. माहेरी जायचं तरी मी पुढे पिकअपमध्ये आणि ती मागून दिराच्या मोटरसायकलवर. लोक म्हणायचे, भांडले का काय. मग जालन्याच्या कृषी प्रदर्शनात ही बॅटरीची पिकअप नमुन्याला ठेवलेली दिसली. सौ.ला बसवून एक चक्कर मारली. उतरली ती हसत. "हिला वासच न्हाई की ओ! ही घ्या. मंग येत जाईन मी तुमच्यासंगं बाजाराला." त्याच आठवड्यात नितीनला सांगून नंबर लावला.
त्यानंतर ओवी झाली आणि सौ. पुण्याला गेली. रेल्वेनं. रेल्वे चालते तिला.

८ ऑगस्ट
वायरमन ओसरीत चार्जिंगचा पॉइंट बसवून गेला. गाडी नाही, पॉइंट आहे. घोड्याआधी खोगीर. सौ.ला फोटो पाठवला. उत्तराला नुसता अंगठा. हे अंगठे पाठवायला तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

२२ ऑगस्ट
पोळा. गाडी नाही. बैल मागच्याच साली विकले, मातीचे आणून पुजले. पुरणाच्या पोळ्या शेजारच्या गंगामावशीनं दिल्या. जेवताना टीव्ही लावून ठेवला, कुणीतरी बोलत असावं म्हणून.

१० सप्टें.
आली! दुपारी शोरूमच्या बाईचा फोन. "काका, नंबर लागला. दोन-चार दिवसांत घेऊन जावा."
उद्याच येतो म्हणणार होतो. मग ध्यानात आलं, पितृपंधरवडा चालू आहे. पितरांच्या दिवसांत नवी गाडी दारात? आमच्याकडे या पंधरवड्यात नवा झाडूसुद्धा घरात येत नाही, आणि या बाबतीत सौ. म्हणजे भटजीच्या वरताण. म्हटलं, "मॅडम, घट बसले की नेतो." म्हणाली, "ठेवता यायची न्हाई, मागं रांग हाये." मग म्हटलं द्या पुढच्याला, आमचं पुढच्या खेपेला बघा.
बरोबर केलं.

११ सप्टें.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितल्तं नको म्हणायला? सूनबाईला ह्याच आठवड्यात सुट्टी हाये. मी आले असते."
"अगं, पितर चालू हायेत."
"असू द्या की. पितर काय परके हायेत का?"
दिवसभर डोकं फिरलेलं. जन्मभर जिचे नेम पाळले, तिनंच ते सोडून दिले आणि मला कळवलंही नाही. राग नेमका कुणाचा आला, ते ठरेना. जेवलो नाही.

२ ऑक्टो.
दसरा. जुन्या पिकअपला शेवटचा हार. नवीच्या बदल्यात ती द्यायची आहे. सोनं द्यायला गंगामावशीकडे गेलो, तिथून पुढे कुणाकडे जावंसं वाटलं नाही.
सौ.नं व्हिडिओ कॉल केला. पायात बूट! सोसायटीतल्या बायकांबरोबर रोज सकाळी फिरायला जाते म्हणे. इथं सगळा जन्म बांधावरून चालण्यात गेला, आता फिरायला जाते. थट्टा केली, ती हसली. तब्येत सुधारली आहे तिची. चांगलं आहे. मला मात्र फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

१५ ऑक्टो.
शोरूमचा फोन. गाडी आली, या वेळी नको म्हणाल तर नंबर रद्द. सौ.ला कळवलं. "ओवी तापानं फणफणलीय. आत्ता कशी येऊ?" म्हटलं, राहू दे, पोरीला सांभाळ. तापलेल्या लेकरापुढं गाडीचं काय घेऊन बसायचं.

१८ ऑक्टो.
धनत्रयोदशी. आणली. रस्ताभर आवाज म्हणून नाही, सवयीनं दोनदा गिअर शोधला. एवढी शांतता की शेजारी कुणी असतं तर हळू बोललेलंही ऐकू आलं असतं.
घरच्या सवाष्णीनं ओवाळल्याशिवाय आमच्यात नवी गाडी फाटकाच्या आत घेत नाहीत, माल तर भरतच नाहीत. गंगामावशी ताट सजवून सुनेला घेऊन आली. "माझी सून ओवाळते की, त्यात काय." नको म्हटलं. मावशी फुगून गेली. गाडी फाटकाबाहेरच. ओसरीतून वायर काढून चार्जिंगला लावली.

१९ ऑक्टो.
ओवीचा ताप उतरला. सकाळीच व्हिडिओ कॉल. सौ. नवी साडी नेसलेली, हातात ताट, निरांजन पेटवलेलं. "मोबाईल गाडीपुढं धरा, हितूनच ओवाळते. किती दिस बाहेर ठेवता तिला?" धरला. तिनं मोबाईलच्या काचेला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. ओवी मागून टाळ्या वाजवत होती.
"झालं. घ्या आता आत. माझ्यावाचून अडायला नको तुमचं."
चांगल्या मनानं म्हणाली. पण ओवाळून झालं म्हणजे ती इथं येण्याचं शेवटचं कारणही झालं.
म्हटलं, "रेंज गेल्ती. काहीच दिसलं न्हाई."
"पुन्हा ओवाळू?"
"नको. फोनवरचं लागू होत न्हाई. तू येऊनच ओवाळ."
सगळं दिसलं होतं. तिचा चेहरासुद्धा, ज्योतीमागं.
तिनं ताट खाली ठेवलं. "हितं तर रेंज चांगली हाये," एवढंच म्हणाली आणि ओवीला घेऊन उठली.

२१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. एकट्यानं उरकलं. पाडवा झाला की रमेशच्या बागेत तोड आहे. "जुनी देऊन बसलास, नवीत भरत न्हाई, मंग माझी मोसंबी काय डोक्यावर नेतो का?" बरोबर आहे त्याचं. दोन दिवस थांब म्हटलं.
दिवे लावताना सौ.चा फोन. "नितीन तिकीट बघून राह्यला. दिवाळीत गर्दी लई." मी नुसतं हं म्हटलं.
यायचंच बघतोय का परत जायचंही, हे विचारलं नाही.