उद्या अकराची मुलाखत

प्रिय मास्तर,

एकाच शहरात राहतो, दिवसाआड फोनवर बोलतो, आणि आज याला पत्राचं काय खूळ लागलं, असं तू वहिनींना म्हणशील. खूळच म्हण. झेरॉक्सच्या दुकानातून कोरे कागद मागून घेतले आणि शेजारच्या उपाहारगृहात बसून लिहितोय. तुला फोन लावायला घेतला होता, पण तू मध्येच काहीतरी चेष्टा करणार, मला हसू येणार आणि सांगायचं ते राहून जाणार. तेव्हा उद्याच्या मुलाखतीची तयारी जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाच.

ही शेवटची, असं तू म्हणालास. वर्षभराचं कंत्राट मिळालं तर ठीक, नाहीतर संगणक गुंडाळायचा आणि मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात जाऊन बसायचं. वहिनींनी भावाला तसं कळवूनही ठेवलंय म्हणे. तू हे हसत हसत सांगितलंस, पण मी तुला काही आजच ओळखत नाही. ज्याने उभा जन्म एसीच्या डक्टचे नकाशे काढले, तो माणूस गिऱ्हाइकाला बाथरूमच्या फरशा दाखवत उभा आहे, हे चित्र माझ्याच्याने डोळ्यांपुढे आणवत नाही. त्या फोननंतर मला धड जेवण गेलं नाही.

जुन्या ऑफिसातली आपली दोन टेबलं आठवतात का रे? मी घाईघाईत डक्ट सरळ तुळईतून आरपार न्यायचो आणि तू लाल पेन्सिलीने गोल करून बाजूला लिहायचास, तुळई फोडायची का? तेव्हापासून तू मास्तर. साहेबांना कधी कळलं नाही की माझे निम्मे नकाशे तू तपासून दिलेले असत. मग त्यांनी नकाशांचा विभागच बंद केला, सगळ्यांना एका खोलीत बोलावून गोड गोड भाषण दिलं, आणि आपण दोघं कंत्राटी झालो. बाहेर पडल्यावर तू म्हणालास, बरं झालं, आता आपणच आपले साहेब. मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मजेतही गेले.

नंतरचं तुला काय सांगायचं, तूही त्यातूनच गेलास. सकाळीच दाढी, इस्त्रीचा शर्ट, खाली घरातलीच पँट. लेकीला आतल्या खोलीत पिटाळायचं, संगणक लावून बसायचं आणि पडद्यावर स्वतःचंच तोंड बघत राहायचं. पलीकडून कोणी येतच नाही. मग निरोप येतो, अपरिहार्य कारणास्तव मुलाखत रद्द करण्यात येत आहे. एकदा तर प्रत्यक्ष बोलावलं होतं. स्वागतकक्षात बसून मी छतातल्या एसीच्या जाळ्या मोजत होतो, एक तर उलटी बसवलेली होती. तेवढ्यात ती मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली की साहेब बाहेरगावी गेलेत, तुम्हाला कळवलं नाही का? तिच्यावर रागावता येईना. तिची काय चूक होती?

आणि आपली ती खास मूर्खपणाची चूक. मुलाखतीची तारीख मोकळी ठेवायची म्हणून हातातोंडाशी आलेलं काम दुसऱ्याला देऊन टाकायचं. मी ते दवाखान्याचं काम सोडलं, तू थिएटरचं सोडलंस, आणि दोघांच्याही मुलाखती हवेत विरल्या. नोकरीतल्या माणसाची मुलाखत रद्द झाली तर तो जरा हिरमुसतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आपल्याला जायला जागाच नसते. शहाणे म्हणवणारे आपण, आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं.

ही आताशा काही विचारत नाही. शर्ट चुरगळलेला दिसला तर मुलाखत झाली असं समजते, घडी तशीच असेल तर गुपचूप कपाटात ठेवून देते. लेकीला शाळेत विचारलं, वडील काय करतात? तिने सांगितलं, मुलाखती देतात. मी पोट धरून हसलो, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. हे तुला कधी बोललो नव्हतो. माझ्यात काहीतरी कमी आहे, आणि ते समोर बसण्याआधीच लोकांना कळतं, असं मला वाटायला लागलं होतं. तू नसतास तर मी कधीच कोलमडलो असतो. ज्याची मुलाखत रद्द होईल त्याने यथेच्छ शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्याने मुकाट ऐकायच्या, हा आपला रिवाज बाकी कुठल्याही औषधापेक्षा गुणकारी होता.

आता मुद्द्यावर येतो. परवा तू त्या कंपनीचं नाव घेतलंस तेव्हा मी नुसतं अरे वा म्हणालो. मलाही तिथूनच बोलावणं होतं मास्तर, त्याच कंत्राटासाठी, तुझ्या एक दिवस आधी, म्हणजे आज. सांगितलं नाही, कारण माझी रद्द होणार याची मला खात्रीच होती. आजवर झाली नाही अशी आहे कुठली? उगाच सांगून तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा, असा विचार केला. शपथेवर सांगतो, त्यात दुसरं काही नव्हतं. मग नेहमीसारखी आपण तुझी रंगीत तालीम घेतली. मी साहेब झालो आणि आवाज जाड करून विचारलं की छत बुटकं आहे, तुळई आडवी येते, डक्ट कसा नेणार? तू म्हणालास, आधी नकाशा बंद करणार आणि जागेवर जाऊन शिडीवर चढणार, कारण तुळई नकाशात दाखवलेल्या जागी कधीच नसते. मी फोनवर टाळी वाजवली. माझ्या डोक्यात असलं उत्तर शंभर वर्षांत आलं नसतं.

आज मुलाखत झाली. चक्क झाली. समोर तिघं बसले होते, पाणी दिलं, आणि मधल्या साहेबांनी तुळईचाच प्रश्न विचारला. मला माझं उत्तर देता आलं असतं, डक्ट चपटा करतो म्हणून, तेही काही चुकीचं नव्हतं. पण तोंडातून तुझं निघालं, शिडीसकट, शब्दाला शब्द. ते खूश होऊन हसले. मग म्हणाले की सोमवारपासून येत असाल तर आत्ताच ठरवू, उद्याची मुलाखत रद्द करून टाकतो. उद्या येणारा माणूस माझा कोण लागतो, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी विचार करून सांगतो म्हणू शकलो असतो. उद्याच्या माणसाला एकदा भेटा, असंही म्हणता आलं असतं. मी हो म्हणालो, त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत, आणि मला आनंद झाला मास्तर, पायऱ्या उतरेपर्यंत नुसता आनंद. रस्त्यावर आल्यावर तू आठवलास. परत वर जाऊन विनंती केली की त्यांना निदान आजच कळवा. ते म्हणाले, सकाळी जाईल निरोप. घरी जाता जाता हे तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे, घंटा वाजवायची हिंमत नाही. उद्या येणाऱ्या निरोपात कारण लिहिलेलं नसेल. ते कारण मी आहे.

तुझाच म्हणवण्याचा हक्क आज दुपारपर्यंत असलेला,
तुझा मित्र