अर्धा घासलेला दगड

माय, तुझा धुण्याचा दगड अजून माझ्याकडे आहे. हिंगोलीतल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तो चढवताना हमाल म्हणाला होता, "ताई, वर दगडं भेटत न्हाईत का?" मी त्याला चहा दिला. दगड गॅलरीत ठेवला, पाऊस लागेल असा.

माझी बारावी झाली तो उन्हाळा. गावाजवळच्या गोरेगावच्या एसटीडी बूथवर मामाचा निरोप आला, रविवारी पाहुणे पोरगी पाहायला येणार. आपल्याकडे धुण्याचा दगड आणायचा तो ओढा आटल्यावरच, आणि पाहुण्यांच्या आधी दारात चांगला दगड हवा, असा तुझा हट्ट. शेजारच्या बैलगाडीत घालून आपण तो आणला. रुंद, सपाट आणि वरून सगळा काळ्या खपल्यांनी भरलेला. "दगडाला खरूज झाली," तू म्हणालीस, आणि विटेचा तुकडा घेऊन बसलीस.

मी तांब्याभर पाणी ओतते. तू घासतेस तिथं नाही, पलीकडच्या अंगाला. थोड्या वेळानं काळ्याचं हिरवट होतं.

"माय, जित्तं हाय हे. मेलेलं न्हाई."

"गवरीवर पाणी वत, तीबी हिरवी व्हती. म्हणून चरायला जाती का ती?"

"बुरशी आन् शेवाळ मिळून ऱ्हातेत यात. ओढा आटला की वाळतेत, पाणी आलं की परत जगतेत. मला हिंगोलीला जाऊन हेच शिकायचंय."

"खरूज?"

"व्हय. मला लगीन नको."

तुझा हात थांबला नाही. "बिगरलग्नाची बाई वाळून जाती."

"हेबी दरसाल वाळतंय."

"तू काय दगड हायेस का?"

मी आणखी तांब्याभर पाणी ओतलं. निम्मा दगड स्वच्छ निघाला होता. तू मध्येच विटेचा तुकडा बाभळीच्या कुंपणात भिरकावलास आणि उठलीस. "हात दुखून राहिला माझा."

रविवारी पोहे खाणाऱ्या पाहुण्यांना मीच सांगितलं, की मी कॉलेजात नाव घालणार आहे. मामा लाल झाला. तू बशा गोळा केल्यास. त्यानंतर मरेपर्यंत तू त्या दगडाच्या घासलेल्या अंगालाच धुणं आपटत राहिलीस. बायका हसायच्या, काहून अर्धा ठेवला म्हणून विचारायच्या. तुझं ठरलेलं, "हात दुखला व्हता."

मी लग्न केलं नाही. वाळलेही, तू म्हणालीस तशी. एका वर्षी तर इतकी, की मला पाहून कुणीही विटेचा तुकडा उचलला असता. मग पुन्हा वर्गात शिकवायला गेले, पुन्हा लिहायला बसले. पोरी विचारतात, मॅडम, लायकेनला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकात शैवाक आहे. माझ्या तोंडून आधी खरूज येतं.

आज सकाळी दगडाच्या न घासलेल्या अंगावर पाणी ओतलं. कडेला बोटभर हिरवं झालं. पुरे तेवढं.

हे पत्र टपालात पडणार नाही. पडलं असतं, तरी कुणाकडून लिहवून घेऊन तू एवढंच कळवलं असतंस, की हात दुखला होता. दुखलाही असेल, माय. मी ते तेव्हा मानलं नाही आणि आताही मानणार नाही. माझं सगळं त्या अर्ध्या दगडावर उभं आहे.