शिंप्याच्या दारावरून

३ फेब्रुवारी

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

पाठ कशी आहे? वहिनी म्हणते, औषध घेत नाहीस. तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या संग्रहाचं काम जोरात आहे. पुराचं जे काही लोकांकडे आहे, फोटो, चित्रणं, चिखलाचे डाग पडलेले कागद, ते आम्ही चौघं संगणकावर चढवतो. ओळखीचं माणूस दिसलं की कोणीही त्याखाली नाव लिहावं. काल औषधवाल्याने दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दिलं. आवाज नाही, पण आपली जुनी गल्ली स्वच्छ दिसते. पाच चाळीसला एक माणूस टीव्ही चादरीत गुंडाळून शिंपीकाकांच्या दारावरून जातो. थांबत नाही. चाल तुझी आहे, दादा.

तू तर सगळ्यांना सांगितलंस की दोनदा दार ठोठावलं, काकांनी ओ दिली नाही. पुरात ते गेल्यापासून त्यांची मुलगी एकच विचारते, पाणी चढतंय हे वडिलांना कोणी सांगायला गेलं होतं का. तिला काय सांगू?

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. आ.

पाठ ठणठणीत आहे. मी शिंकलो तरी वहिनी घर डोक्यावर घेते.

चादरीत टीव्ही त्या दिवशी छप्पन्न जणांनी नेले. मी दार आधी वाजवलं असेन, नाहीतर नंतर. कॅमेऱ्याला सगळं थोडंच दिसतं? तुमच्याकडे ‘अनोळखी’ असा शेरा असतो ना, तोच राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माया वाढव, चौकशा कमी कर.

दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

आधीचं आणि नंतरचं, पाणी दुकानात शिरेपर्यंतचं सगळं चित्रण पाहिलं. तू पुन्हा दिसत नाहीस. मला तुझा राग आलाय, हे सांगून टाकते.

‘अनोळखी’ लिहिलंय. नाव मी लिहिणार नाही, ज्याचं त्याने लिहावं. काकांची मुलगी ते चित्रण रोज बघते आणि हा माणूस कोण म्हणून दारोदार विचारत फिरते.

टीव्ही नीट चालतो ना?

धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

परवा वहिनीला सगळं सांगितलं. मग चित्रणाखाली लिहिलं: हा मी. दार वाजवलं नाही. हात भरलेले होते, घाई होती, वाटलं त्यांना कळलं असेल.

आज शिंप्याची मुलगी आली. शिव्या देईल म्हणून मी उभाच राहिलो. तिने एवढंच विचारलं, मी दारावरून गेलो तेव्हा आत मशीन चालू होतं का. चालू होतं, म्हणालो. खटखट स्पष्ट येत होती. म्हणजे वाजवलं असतं तर त्यांनी उठून दार उघडलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेही तिला सांगितलं.

जाताना म्हणाली, मशीनचं तेवढं खाली लिहा. कॅमेऱ्यात आवाज नाही, आणि बाबांना शेवटचं काम करताना ऐकणारे तुम्ही एकटेच.

लिहिलं.

माया आटली असली तरी पत्र टाकत जा.

दादा