वीस फुटांवरचा गणपती

शनिवार, २० सप्टेंबर १९८६. सकाळी ९.४०
या वेळेला, वीस फूट पाण्याखाली, मी खोटं बोलले. वेळ अचूक आहे. हात हलवून "नाही" म्हणत होते, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोरच होतं.

मॉन्टेरेची खाडी, आमची नेहमीची कपार. पाणी ५२ डिग्री फॅरनहाइट, ओठ बधिर. मी आणि रूथ. (रूथशिवाय पाण्यात उतरत नाही. ती माझ्यासारखीच रिटायर्ड, आयुष्यभर लायब्ररीत गेलेली, त्यामुळे गप्प राहता येतं.) गेल्या शनिवारी केशरी गोगलगायींचं काम अर्धं राहिलं होतं. करंगळीच्या नखाएवढ्या, शंख नसलेल्या. स्पंजावर अंड्यांची पांढरी झालर घातलेली, अगदी क्रोशाच्या रुमालाच्या काठासारखी. आज ती पुरी टिपायची होती.

रूथने टॉर्च फिरवला. गणपती. आमच्या मंडळाचा, गेल्या रविवारी विसर्जन केलेला. कुशीवर पडलेला, सोंड तुटलेली. मखराचा थर्माकोल समुद्री शेवाळाच्या देठांत अडकलेला. सोनेरी रंगाचे पापुद्रे स्पंजभर. झालर त्याच्या पोटाखाली.

पाण्याखाली बोलायला आम्ही प्लास्टिकची पाटी नि पेन्सिल बाळगतो. रूथने लिहिलं, "तुझा?"
मी हात हलवला. नाही.
वर आल्यावर म्हणाली, "कोणी टाकलं असेल?"
म्हटलं, "लोकांना अक्कल नसते." एवढं मात्र खरं बोलले.

संध्याकाळी
येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या सेंट पीटरला मी शाळेत भेकड म्हटलं होतं. भर वर्गात उभं राहून. सिस्टर फक्त म्हणाल्या, "वेट, चाइल्ड." एकसष्ट वर्षांची होईपर्यंत वाट पाहावी लागली.

रविवार, २१ सप्टेंबर
दिलीपला फोन. मंडळाचा सेक्रेटरी, क्युपर्टिनोत कॉम्प्युटरवाला, जीभ साखरेत घोळलेली.
"मूर्ती शाडूची म्हणाला होतास."
"मावशी, शाडूची विमानात फुटली असती. प्लास्टर हलकं पडतं. सोपं पडलं."
"रंग?"
"ऑइल पेंट. तुम्हीच तर म्हणालात, काय तेज आहे!"
म्हणाले होते. दोनदा.
"ती तशीच पडलीय खाली. वर काढायला हवी."
"मावशी, यार... सॉरी. पण विसर्जन केलेला देव वर काढायचा? कमिटीला विचारतो."
ब्रह्मदेवाची कमिटी!

फोन ठेवल्यावर बसून राहिले. दिलीपला झोडपणं सोपं आहे. जागा कोणी दाखवली? "मावशी, तुम्हाला समुद्र माहीत," म्हणाला आणि मी फुगले. माझी कपार, माझं शांत पाणी, सगळ्यांना दाखवायचं होतं. भाड्याची होडी आत गेली तेव्हा मी काठावर टाळ्या वाजवत होते. विरघळेल असं धरून चालले. मी! स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय कधी कोणाच्या रिपोर्टवर सही न करणारी पॅथॉलॉजिस्ट.

मंगळवार, २३ सप्टेंबर
कमिटीचं उत्तर फोनवर. विसर्जनानंतर मागे वळूनसुद्धा बघत नाहीत, म्हणे. एकदा निरोप दिला की देव गेला.
"मग खाली काय आहे?"
"प्लास्टर, मावशी."
"प्लास्टर काढायला कोणता अपशकुन आडवा येतो?"
"पुढच्या वर्षी नक्की शाडू."
पुढच्या वर्षी. अंडी फुटायला पुढचं वर्ष लागत नाही.

एकटीने नाही जमणार. दोन फुटांची मूर्ती, आत पाणी भरलेलं. जाळीत घालायची, हवेची पिशवी बांधायची, एकीने धरायचं, दुसरीने हवा भरायची. दुसरी म्हणजे रूथ. रूथला सांगायला तोंड हवं.

गुरुवार, २५ सप्टेंबर
रूथचा फोन. तिच्या त्या दिवशीच्या फोटोंच्या स्लाइड्स धुऊन आल्या. ऑक्टोबरात लायब्ररीत आमचा कार्यक्रम आहे, खाडीतल्या बारक्या जिवांचा. तिच्या मनात शेवटची स्लाइड त्या मूर्तीची. म्हणाली, "लोकांना कळू दे, आपण यांच्या घरात काय टाकतो."
मी म्हटलं, "फोकस नीट नसेल."
"फोकस उत्तम आहे."
आपण, म्हणाली. तुम्ही म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही. छत्तीस फोटोंचं रीळ तसंच कॅमेऱ्यात. गोगलगायीच्या शिंगावरचा ठिपका दिसावा म्हणून थंडीत अर्धा अर्धा तास श्वास मोजत पडून राहणारी बाई. गणपती दिसल्यावर नजर कुठे ठेवावी कळेना.

शनिवार, २७ सप्टेंबर
समुद्र खवळलेला, उतरलो नाही. रूथ चहाला आली.

ती यायच्या आधी मी जे केलं ते लिहायलाच हवं. स्वयंपाकघरातल्या फळीवर आईचा पितळी गणपती असतो, मुठीएवढा. तो उचलून डाळींच्या डब्यांमागे ठेवला. माझ्या घरात, माझ्या हाताने.

रूथने कप घेतला. फळीकडे पाहिलं.
"तुझा हत्तीचा देव कुठे गेला?"
"साफसफाई चाललीय."
"अच्छा." (हा शब्द माझ्याकडूनच उचललेला.)
साखर दोन चमचे घेतली. एरवी घेत नाही. मग चमचा ढवळत राहिली, फार वेळ.

तीन वर्षं दर शनिवारी या फळीसमोर बसून चहा पितेय ती. तिला खालीच ओळखू आला होता. "तुझा?" हा आरोप नव्हता. केक दिसला की लोक 'तुझा वाढदिवस?' विचारतात तसा साधा प्रश्न. आणि मी, मास्क लावून, हात हलवून, नाही.

जाताना दारात म्हणाली, "ती स्लाइड मी काढून टाकते. तू दाखव म्हणेपर्यंत."
रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागाला उत्तर देता येतं.

रविवार, २८ सप्टेंबर
गणपती फळीवर परत. सोंडेला बेसन लागलं होतं. पुसताना त्याच्याकडे बघवलं नाही.

लाज कोणाची वाटत होती, हे स्वतःला विचारते आहे. मंडळाची? ती तर राग म्हणून बाहेर पडली. देवाची? रूथसमोर आपण "तसले लोक" ठरू, याची. आणि आता जी वाटते आहे तिला...

मंगळवार, ३० सप्टेंबर
दिलीपला पत्र टाकलं. दोनच ओळी : शनिवारी कपारीच्या काठावर दोर ओढायला माणसं हवीत. येणार की नाही, लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतोस.

जाळीची पिशवी धुवायला काढली तर रूथची पाटी आत. वर येताना तिने माझ्या हातात दिली होती. पेन्सिल खाऱ्या पाण्याने जात नाही, घासावी लागते. "तुझा?" तसाच होता. घासला नाही. खाली लिहिलं, बारीक अक्षरात, कारण जागा कमी :

"हो. माझा. जागाही मीच दाखवली होती. त्याला वर काढायचा आहे, एकटीला जमणार नाही. स्लाइड दाखव, कोणाचा ते मी उभी राहून सांगेन. शनिवारी माझ्याबरोबर उतरशील का?"

अंधार पडायच्या आत तिच्या पायरीवर ठेवून आले. घरात दिवा होता. बेल वाजवली नाही. परत येताना अर्ध्या रस्त्यात आठवलं की मुख्य गोष्ट राहिली. मागे वळले, पाटी उचलली, कडेला उभं लिहिलं :

"उत्तर तोंडी चालणार नाही, हातवारे तर मुळीच नकोत. याच पाटीवर, लेखी, शनिवार ४ ऑक्टोबर, सकाळी आठच्या आत."