हातात दिलेली सुरी

।। श्री ।।
मुलुंड (पूर्व), ७ जुलै २०२४

चि. सौ. शुभास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

कानातलं यंत्र पुन्हा बिघडलं म्हणतेस, म्हणजे फोनवर बोंब मारून उपयोग नाही. मोबाईलवर टाइप करणं तुला जमत नाही, मला आवडत नाही. तेव्हा मुलुंड ते बोरिवली, मधे अख्खं जंगल, आणि दोघी बहिणींमध्ये पोस्टमन!

हर्षद गणपतीला येतोय. जर्मनीहून चॉकलेटं आणून पैसे उडवू नकोस म्हटलं, तर म्हणतो, आई, मग सुरी आणतो. तिथल्या सुऱ्या नावाजलेल्या म्हणे. एकाच कंपनीच्या तीन रेंजचे फोटो पाठवलेत. पहिली पत्र्यातून कापलेली, हलकी. दुसरी पोलादाच्या एका कांबीतून घडवलेली, मूठ जड, जन्मभर टिकणारी. तिसरीही घडीवच, पण किंमत वाचून मी थेट देवासमोर जाऊन बसले.

हर्षदने तिथल्या दुकानदाराला फरक विचारला. तो म्हणाला, पहिली कापते, दुसरी चांगली कापते. तिसरीने कापलं तर कापलंय हे त्या वस्तूला कळत नाही. आता भाजीला कळून काय करायचंय गं? तू सांग, कुठली मागवू?

मनगटाला तेल लावतेस ना? स्वामींचा अंगारा सोबत ठेवलाय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


बोरिवली, १२ जुलै २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिसरी तुझ्यासाठी नकोच. तू ती रेशमी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवशील आणि आईच्या विळीवरच कांदे चिरशील. तुला मी ओळखत नाही का! दुसरी घे. घडीव आहे, दणकट आहे, तुझ्यासारखीच जड आहे. (रागावलीस? झकास.)

पण आईचा नियम हर्षदला सांग. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची, नाहीतर भांडण होतं. आठवतं ना, लाल रिबिनीच्या वेळी मी मुद्दाम तुझ्या हातात कात्री दिली होती? तू माझी वेणी ओढलीस, मी तुला चावले. आईने दोघींना बडवलं आणि संध्याकाळी आपण एकाच ताटात आमटीभात खाल्ला.

मनगट दुखतंच आहे. तरी तुझ्या गौरींच्या सोळा भाज्या दरवर्षीसारख्या मीच चिरणार. ज्येष्ठेच्या शेजारी कनिष्ठा नको का?

हर्षदला गालगुच्चा. असाच जीव लावत राहा.

तुझी
शुभी


मुलुंड, ४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शुभास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

काल तू गेलीस आणि मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच बसले. आज लिहितेय.

माझ्यासाठी दुसरीच आणायला सांगितली होती. तिसरी तुझ्यासाठी मागवली. जरासुद्धा जोर लावावा लागत नाही असं हर्षद म्हणाला आणि मला तुझं मनगट दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा किंमत न बघता हो म्हटलं. पण खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तू एक पाय आत ठेवलेलास, आणि मी घाईत ती खोक्यासकट तुझ्या हातात दिली. शुभे, हातात दिली गं! तूही घेतलीस. दोघींच्या लक्षात आलं नाही.

हर्षद हसतो. म्हणतो, खोक्यात होती, चालतं. पण मला चैन नाही. तू असं कर, माझ्याशी एकदा कडकडून भांड. आईचा पितळी डबा मी एकटीने ठेवून घेतला, त्यावरून भांड, माझ्या कंजूषपणावरून भांड. एकदा भांडण झालं की सुटलो. मी वाट बघते.

तुझी
ताई


बोरिवली, ८ सप्टेंबर २०२४

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भांडायचा प्रयत्न केला, खरंच. डब्याचं आठवून पाहिलं, पण राग येत नाही. मन अगदी गार आहे, तळ्यासारखं.

सुरी मात्र विलक्षण. टोमॅटोवरून फिरवली, तर टोमॅटो जसाच्या तसा. वाटलं, कापलाच नाही. थोड्या वेळाने बोट लावलं आणि दोन भाग आपोआप दूर झाले. मधे रसाचा थेंबही नव्हता. लिंबाचं तसंच. काल एक काकडी चिरली, तर ती दिवसभर ताटलीत अख्खीच होती.

एक विचारायचं राहिलं. तू त्या दिवशी इथून निघताना, की मी तिथून निघताना, रिबिनीची काहीतरी गोष्ट निघाली होती. ती कोणाची गं? घरात दोन मुली होत्या असं काहीसं.

गौरींना यायला जमेलसं दिसत नाही. काम काही नाही, पण निघावंसं वाटत नाही. प्रकृती सांभाळ.

शुभा


मुलुंड, १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. शुभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. सोळा भाज्या मी एकटीने चिरल्या, आईच्या विळीवर. नवी सुरी हातात धरवेना. ज्येष्ठा उभी केली, कनिष्ठेला साडी नेसवली, तर निऱ्या राहीनात; सारख्या सुटत होत्या, जणू आत कुणी नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शुभे, ती गोष्ट तुझीमाझी! घरात दोन मुली म्हणजे आपणच. विळीने तुटलेलं दिसतं, ठणकतं, म्हणून माणूस सांधायला जातो. हे तर ठणकतही नाही.

आणि खरं सांगू? काल हर्षद म्हणाला, मावशी का आली नाही? मी विचारलं, कुठली मावशी? तो थट्टा समजून हसला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

मी गुरुवारी बोरिवलीला येते. तू फक्त एवढं कर. सुरी जमिनीवर ठेव. मी वाकून उचलेन, आईच्या रीतीने. हातात देऊ नकोस. तुला आईची शपथ आहे, तेवढी आठवण धरून ठेव.

तुझीच,
तुझीच ताई


बोरिवली, २१ सप्टेंबर २०२४

सौ. नलिनीताई यांस,
स. न. वि. वि.

गुरुवारी आपण एवढ्या लांबून आलात, आनंद वाटला. चहात साखर कमी झाली असल्यास माफ करा; आपल्याला किती लागते ते ठाऊक नव्हतं.

आपली सुरी जमिनीवर ठेवावी असं आपण पत्रात लिहिलं होतं. तशी ठेवलीही होती. पण आपण दारात आलात तेव्हा आपले गुडघे दुखताना दिसले. वयाने मोठ्या बाईला पाहुणी म्हणून बोलवावं आणि वाकायला लावावं, हे बरं दिसत नाही. म्हणून मीच उचलून, नीट पुसून, आपल्या हातात दिली.

आपण एकदम ओरडलात. मग माझ्या तोंडावरून हात फिरवत बराच वेळ रडलात. कारण विचारायचा संकोच वाटला. जाताना मात्र शांत दिसलात. जिन्यात वळून, या घरी आपण कशाला आलो होतो, असं मलाच विचारलंत.

सुखरूप पोचला असाल. घरातल्या सर्वांना नमस्कार.

आपली
शुभा


मुलुंड, १३ ऑक्टोबर २०२४

सौ. शुभाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं होतं. उत्तर राहून गेलं, क्षमा असावी. कोणाचं पत्र विनाउत्तर ठेवू नये असं वळण आहे, म्हणून लिहिते.

खंडेनवमीला दोन्ही जर्मन सुऱ्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. त्यातली चांगली माझ्याकडे कशी आली, हर्षद सांगतो पण मला नीट संगती लागत नाही. मी इतकी महाग वस्तू घेणारी बाई नव्हे. त्याच सुरीने कोहळा चिरला. दुपारपर्यंत अख्खाच दिसत होता.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे गौरींचे मुखवटे दोन आहेत. मी एकुलती एक, धाकटी कुणासाठी आणली कोण जाणे. आपल्याकडे गौरी नसाव्यात असं का कोण जाणे वाटतं. हवी असल्यास न्यावी. पैसे नकोत.

आणखी एक, मनगटाला तेल लावत जा. हे मी का लिहिलं कळत नाही, पण खोडवत नाही.

शेवटी ‘लोभ आहेच, तो वाढावा’ असं लिहायची रीत. तिथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. कुठला लोभ, ते आठवून पुढच्या पत्री लिहीन म्हणते.

आपली
नलिनी