एका इंजिनावर तीन पट्टे

१० फेब्रुवारी १९८६
पुण्याहून, सहकारी सोसायट्यांच्या सेक्रेटरींच्या शिबिरातून परतलो. तिथं कॉम्प्युटर दाखवला. यंत्र एकच, पण चार टेबलांवर चार कारकून एकदम काम करतात आणि प्रत्येकाला वाटतं, यंत्र आपल्या एकट्याचं. आमच्या सोसायटीची तीन ऑइल इंजिनं आठवली. विहिरीचं, गिरणीचं, कडबाकुट्टीचं. प्रत्येक अर्धा दिवस गप्प उभं. ऐन दुष्काळात ही चैन?

१४ फेब्रुवारी
योजना तयार. विहिरीवरचं मोठं इंजिन ठेवायचं, लांब शाफ्टवरून तीन पट्टे. बाकीची दोन विकायची. हे मी मोठेपणासाठी करतोय का, असं स्वतःला विचारलं. उत्तर: थोडंसं. पण डिझेल वाचेल, हेही खरंच.

१७ फेब्रुवारी
चेअरमन महालिंगप्पांना पटवलं. ते म्हणाले, सेक्रेटरी, तुम्ही शिकलेले, करा. पण गुरांचा हौद कोरडा पडला तर गावापुढं तुम्हालाच उभं करीन. इंजिन चालवणारे व्यंकटराव म्हणाले, तीन सुनांना एकच चूल दिल्यावानी हाय हे. हसलो. नवं पचायला वेळ लागतो.

२ मार्च
सुरू! तिन्ही पट्टे फिरले. दोन्ही जुनी इंजिनं मुरुम गावच्या एका गिऱ्हाइकाला विकली. पिठात कडब्याची कुसळं येतात, अशी दळण घेऊन येणाऱ्या मल्लम्माची तक्रार. वारा बदलला की थांबेल.

११ मार्च
योजना जरा जास्तच यशस्वी. प्रत्येकाला खरोखरच वाटतं, इंजिन आपलं. हणमंतप्पानं दळणाच्या वेळीच कुट्टीचा पट्टा चढवला. मल्लम्मा म्हणाली, आधी माझी ज्वारी, मग तुझी बैलं. भांडणात इंजिन दमलं, पंपाला पाणी ओढवेना. हौद अर्धाच भरला. वेळापत्रक लावायचं ठरवलं.

१५ मार्च
वेळापत्रक लावलं. कुणी वाचत नाही. व्यंकटराव म्हणाले, इंजिनाला दुपारी दम खाऊ द्या. विसावा म्हणजे वाया गेलेला वेळ, हे त्यांना समजावलं. घरी बायकोला, उमालाही, समजावलं.

२० मार्च
इंजिन थंड ठेवायच्या पिंपातलं पाणी छान ऊन होतं. प्रेमाबाई नातवाच्या अंघोळीला बादलीभर मागायला आल्या. दिलं. मग बऱ्याच जणी आल्या. म्हणजे एका इंजिनाचा चौथा उपयोग! शिबिरातसुद्धा हे कुणाला सुचलं नव्हतं.

२६ मार्च
इंजिन जाम. पिंप रिकामं होतं. पाणी, पीठ, कडबा, सगळं एकदम बंद. पूर्वी एक बिघडलं तर दोन चालायची. याबद्दल शिबिरात सांगितलं असणार. मी तेव्हा बहुधा चहाला गेलो होतो.

२९ मार्च
विकलेलं एक तरी परत मिळावं म्हणून मुरुमला गेलो. गिरणीचं गिऱ्हाइकानं पुढं विकलंय. दुसरं त्याच्या रसवंतीवर. तो म्हणाला, उन्हाळा सरला की न्या. रस पाजला. थंडगार होता. स्वतःची लाज वाटली, पण ग्लास संपवला.

३ एप्रिल
मिस्त्री अजून आला नाही. हौद कोरडा. हणमंतप्पा बैलं घेऊन सासुरवाडीला निघाला. दारात थांबून म्हणाला, साहेब, लई उपकार झाले, तुमच्यामुळं सासऱ्याचं तोंड दिसंल.

५ एप्रिल
उमानं माळ्यावरचं जातं काढलं. शेजारच्या तीन घरांत जातं नाही. एका जात्यावर चार घरांचं दळण पाळीपाळीनं कसं होईल, ते मी तिला सांगितलं. तिनं जात्याचा खुंटा माझ्या हातात दिला.
तिसऱ्या घराच्या दळणाला हात भरून आले म्हणून थांबलो. मल्लम्मा टोपली घेऊन दारात. मला बघून उमाला म्हणाली, दमले वाटतं सेक्रेटरी, जरा विसावू दे त्यांना.
उमा म्हणाली, छे, विसावा म्हणजे वाया गेलेला वेळ.