विहिरीच्या चित्रातून राहून गेलेली तनुजा

दिनांक १२ डिसेंबर २००१, बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. वारजे येथील आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर ट्रेसिंग पेपर धरून मी माझेच लहानपणचे चित्र उतरवत होतो. ते अर्धवट ठेवून हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, गेनबा सोनबा शेळके, वय २७, धंदा बोर्ड रंगवणे, शिक्षण नववी नापास. शुक्रवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. हे कुणी दटावून लिहून घेतलेले नाही. उलट तात्या, म्हणजे माझे वडील, लिहू नको म्हणून दोनदा सांगून गेले.

१. १९९६ साली शेत बिल्डरला दिले, त्याच्या मोबदल्यात दोन फ्लॅट मिळाले. एक तात्यांच्या नावे, एक माझ्या. धाकटी बहीण तनुजा हिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. पेन मीच पुढे केले होते. माझ्या पश्चात माझा फ्लॅट तनुजाचा. तात्या म्हणाले, "साडीचोळी केली ना तिची? मग?" तात्या, साडीत राहता येत नाही.

२. मी रंगवलेले विहिरीचे मोठे तैलचित्र. लहानपणी मी विहिरीत पडलो आणि तात्यांनी उडी मारून बाहेर काढले, तो प्रसंग. काठावर आई आहे, बैल आहेत, कुत्रेसुद्धा आहे. यंदा दिवाळीत तनुजा त्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"दादा, मी कुठंय?"

"तू तेव्हा पाळण्यात होतीस."

"मग पाळण्यातनं वरडले व्हय मी?"

सगळे हसले. मीही.

सोमवारी गव्हाची कोठी हलवली. मागच्या भिंतीवर कोळशाने काढलेली तीच विहीर निघाली. खाली माझे नाव, इयत्ता चौथी. तात्या लांब बांधावर, पाठमोरे. काठावर दोन वेण्यांची मुलगी, विहिरीपेक्षा मोठी, तोंड उघडे. आईला विचारले. "तिनंच तर वरडून बोलावलं त्यांना. आठ दिस घसा बसला हुता पोरीचा."

मला हे अजूनही आठवत नाही. इतकी वर्षे मी जे आठवून रंगवत होतो ते कुणाचे, हेही समजत नाही.

तैलचित्र तात्यांना. बिल्डरने लॉबीसाठी मागितले आहे, देऊ नये. त्यात तनुजाला दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेऊ नये. परत आलो तर मी रंगवीन.

३. हे घर एक जानेवारीला पाडणार आहेत. त्याआधी तनुजाला भिंत दाखवावी. ट्रेसिंग पेपर तिचा.

४. ब्रश, रंग व शिडी मित्र बद्रीनाथ यास. शिडीची तिसरी पायरी सैल आहे. 'विहीर अशी असते का?' म्हणून माझी वही फाडणाऱ्या चित्रकलेच्या सरांस काही नाही.

लिहून देणार : गेनबा सोनबा शेळके (सही)
साक्षीदार : १) मालनबाई, शेजारी (सही) २) डॉ. दत्तप्रसाद (सही)
ठिकाण : वारजे, पुणे. तारीख वरीलप्रमाणे.

ता. क. तनुजा आत्ताच आली. साक्षीदार म्हणून सही करते म्हणाली. ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, असे वकिलांनी सांगितले आहे.

"मग मी करू काय?"

तिला म्हटले, बस. तुझी सही आम्ही एकदा घेतली आहे.